चांगले मेडल

मूल या तालुक्याच्या गावच्या बाजारात नाटकाचे कपडे भाड्यानं देणारा एक म्हातारा आहे. झाडीपट्टीतल्या नाटकांचे सगळे सुभेदार-कर्नल त्याच्याच खुंट्यांवर लटकतात. शाळेच्या गॅदरिंगसाठी मी वर्दी आणायला गेलो, तेव्हा तो एकेका नकली मेडलवर ‘हाऽ’ करून शर्टाच्या टोकानं घासत होता. एक काळवंडलेलं मेडल मात्र त्यानं बाजूला ठेवलं.

“हे काऊन पुसत नाई, भाऊ?”

“ते असली हाय. माह्यं. फौजेतलं. मांगच्या सव्वीस जानेवारीले तुमच्याच शाळेत लावलं, तं सरपंच म्हणे, एवढं दुकान हाय तुमचं, जरा बरं तं लावाचं!”

यंदा आम्ही त्यालाच पाहुणा म्हणून बोलावलं. पाच चकचकीत नकली मेडलं लावून तो आला. पोरांनी टाळ्या पिटल्या. झेंडा वर जायच्या आधी त्यानं पाचही काढून माझ्या हातात दिली आणि खिशातलं ते काळं मेडल छातीवर लावलं.

“पोरायले नकली चालते, सर. झेंड्याले समजते.”

त्यानं कडक सलामी ठोकली. माझे डोळे भरून आले. तेवढ्यात सरपंच कानाशी लागले,

“सर, चांगले मेडल तुम्ही काऊन धरून ठेवले?”