सुजाते, हात लावू नको!

हसायचं तर आधी चहा संपवा, न्हाईतर अंगावर सांडंल! जिंकलेला सामना कुणी तीन शब्दांत घालवलाय का? मी घालवलाय.

मी गंगाखेडजवळच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक. सगळं आयुष्य कबड्डी-खोखोत गेलं. आता काय दुर्बुद्धी सुचली, मुलींचा अमेरिकन फुटबॉलचा संघ काढला. लांबट चेंडू, तो छातीशी धरून पळायचं, समोरच्यांनी पाडायचं; त्यांच्या टोकाची रेषा ओलांडली की गुण. खेळाचं प्रमाणपत्र पुढं पोलीस भरतीत कामाला येईल म्हणून पोरी जीव तोडून शिकल्या. मी मात्र एसटीत बसून मोबाइलवर शिकलो. तिथंच घात झाला!

परभणीला जिल्ह्याची फायनल. समोर सेलूचा संघ. शेवटचं मिनिट, आमी दोन गुणांनी पुढं. सेलूनं नुकतेच गुण घेतलेले, म्हणून किक त्यांची. आमी चेंडू घ्यायचा, मिनिटभर सांभाळायचा, राज्य पातळीवर जायचं. एवढंच!

सेलूच्या पोरीनं अशी लाथ हाणली की चेंडू थेट आमच्या टोकाला! तिथं आमची कप्तान सुजाता, राणीसावरगावची, एकटी उभी.

"सर, घेऊ का?"

माझ्या डोक्यात व्हिडिओ फिरायला लागला. चेंडू आपल्या रेषेमागं गेला, तर आपल्याला पंचवीस यार्ड पुढून सुरुवात, फुकटात! उचलला, तर तिथंच पाडतील, आणि आपण आपल्याच रेषेला चिकटून बसू.

"हात लावू नको!"

चेंडू टप्पा खाऊन उडाला. घरंगळला. आणि तो रेषेच्या दोन हात अलीकडं चक्क थांबला!

"सर, थांबला की हो!"

"जाईल, जाईल!"

"कसा जाईल? वारं तरी हाय का?"

तिकडून सेलूची अख्खी पलटण सुसाट.

"सर, आल्या त्या! उचलू का?"

"सुजाते, तुला माझी शप्पथ! हात लावू नको!"

बिचारीनं दोन्ही हात पाठीमागं बांधले. सेलूची एक पोरगी आली आणि चेंडूवर पालथी पडली. शिट्टी!

"चेंडू सेलूचा!" पंच म्हणाले.

मी तावातावानं मैदानात घुसलो. "अहो, त्यांचा कसा? किक त्यांनीच मारली ना, मग चेंडू आमचा!"

पंच शांत माणूस. "सर, तुमी सांगायलात तो नियम पंटचा. प्रयत्न करून जमंना झालं की चेंडू लाथाडून देतात, तेव्हाचा. ही सुरुवातीची किक हाय. दहा यार्ड गेली की चेंडू मोकळा, जो धरील त्याचा."

"म्हणजे आमी उचलला असता तर…"

"तुमचाच होता की! लय वेळ होता तुमच्याकडं."

दोन हातांवर रेषा. सेलूनं पहिल्याच धडकेत चेंडू आत नेला. वेळ संपली, सामना संपला, आमचं राज्यही संपलं.

पोरी मातीत बसून राहिल्या. सुजाता तर माझ्याकडं बघंना. मी कसंबसं म्हणलं, "पोरींनो, चूक माझी हाय." वाटलं, एखादी तरी म्हणंल, "न्हाई सर, असं काय म्हणता." पोरी आपल्या बुटातली माती झटकायला लागल्या.

तेवढ्यात बक्षिसं सुरू झाली. माइकवरून आवाज आला, "विजयी संघाच्या मार्गदर्शकांनी मंचावर यावं!"

सुजातानं पहिल्यांदा माझ्याकडं मान वळवली.

"जावा सर, तुमालाच बोलवायलेत."