त्रास नाही, असं मी लिहिलं

दाजी गेल्याचं कळलं तेव्हा मी सात रस्ता चौक ओलांडत होतो. थोरल्या बहिणीचा, अक्काचा फोन होता. "गेले रे," एवढंच म्हणाली... दीड महिना झाला, अजून खरं वाटत नाही.

दाजी रेल्वेत कीमॅन होते. होटगीपासून रोज रुळांवरून चालत जायचं, रूळ जखडून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या बघायच्या, एखादी ढिली दिसली की ठोकायची, धोका वाटला तर गाडी थांबवायची. आमच्याकडे आले तरी चहाआधी दाराचे स्क्रू आवळायचे. आई म्हणायची, "जावई हाईत का तपासनीस?" दाजी हसायचे आणि पुढच्या दाराकडे वळायचे.

दाजींचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचला आणि नेहमीची औषधं चालेनाशी झाली. पुण्यात एका नव्या गोळीची माणसांवरची पहिलीच चाचणी सुरू होती. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. किती डोस सोसतो ते आधी बघायचंय, तुम्हाला गुण येईलच असं नाही, म्हणाले. दाजींनी समजून घेऊन सही केली. रोज होणारा त्रास एका वहीत लिहायचा होता. गोळीनं दोन महिन्यांत दाजींची बोटं इतकी बधिर झाली की पेन धरवेना, म्हणून वही मी लिहू लागलो. बोटांचं डॉक्टरांना कळलं तर गोळी बंद होईल, या भीतीनं अक्कानं मला गप्प राहायची खूण केली. मी लिहिलं, 'त्रास नाही.'

तपासणीच्या दिवशी दाजींनी डॉक्टरांसमोर वही वाचली. "हे खोटं हाय सायब. मला शर्टाचं बटन लावता येत न्हाय."

बाहेर आल्यावर मी चिडलो. "दाजी, तेवढी एक गोळीच उरली होती की."

"व्हय. पर चावी ढिली दिसूनबी न्हाय म्हणलं, तर मागनं येणाऱ्या गाडीचं काय?"

गोळी बंद झाली. आणखी एका पेशंटलाही तसाच त्रास निघाला, आता एवढा डोस कुणालाच देणार नाही, असं डॉक्टरांनी पुढच्या खेपेला सांगितलं. दाजींना समाधान वाटलं. मला नाही वाटलं, मला दाजी हवे होते. पण इतका सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही.

अक्काचं उलटं. ताप असला तरी 'बरं हाय' म्हणणारी. परवा फोनवर मी सवयीनं विचारलं, "बरी आहेस ना?"

ती म्हणाली, "न्हाय. दोन घासबी पोटात जात न्हाईत. येतोस का?"