मामांचं पितळी कडं

सरकारी हुकुमाच्या प्रेमात पडलेला माणूस सगळ्या कर्जत-खालापुरात एकच झाला, आणि तो माझ्या बायकोचा मामा. त्याला मी बुडवला. हे दुसरं वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. पण मामांविषयी लिहायला बसलो की ते आधी लिहावंच लागतं, नाहीतर पुढचं सगळं खोटं होतं.

मोठी लढाई संपली त्या सुमाराची गोष्ट. ओढ्या-वहाळांतल्या काळ्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, करंड्या भरभरून मुंबईला जायला लागल्या होत्या. असंच चाललं तर थोड्याच पावसाळ्यांत वहाळ रिकामे होतील, असं कुणा साहेबाच्या ध्यानात आलं आणि हुकूम सुटला. पितळी कड्यातून आरपार जाईल एवढी लहान चिंबोरी धरायची नाही, आणि पोटाखाली पिल्लं असलेली मादी तर मुळीच नाही. कर्जत स्टेशनावर करंडी तपासून लाखेची मोहर लागल्याशिवाय पार्सल गाडीत चढायचं नाही. तपासनीस म्हणून कचेरीने नेमलं कुणाला? तर आमच्या मामांना! शेजारच्या घरी चिंबोरीचं कालवण शिजलं तर ओसरीवरून उठून मागच्या दारी जाऊन बसणारा माणूस. सगळ्या तालुक्याला वाटलं, हा पहिल्या दिवशीच राजीनामा देणार. मामांनी हुकुमाचा कागद देवघरात ठेवला, अंघोळ करून तीनदा वाचला आणि बाहेर येऊन म्हणाले, "काय लिहिलंय हो! एक शब्द इकडचा तिकडे करता येणार नाही!"

पहिल्या दिवशी मात्र ते घरून सांडशी घेऊन आले. ठाकरवाडीची बुधी म्हणून एक बाई होती, चिंबोऱ्या धरण्यात तिचा हात कुणी धरला नसता. ती पोट धरून हसली. "आरं मामा, ती काय चुलीवरचा टोप हाय? मागनं धर, मागनं!" तिने हात धरून शिकवलं, आणि पंधरा दिवसांत चमत्कार झाला. मामा चिंबोरी न उचलता, नुसत्या तिच्या चालीवरून नर की मादी ते सांगायला लागले! फलाटावर माणसं जमायची. मामा डोळे बारीक करून म्हणायचे, "ही जड पावलाने चाललीय. दिवस भरलेत." उलटून पाहावं, तर पोटाखालच्या रुंद झडपेत मोहरीएवढी पिल्लं वळवळत असायची. त्या नजरेचा त्यांना भारी अभिमान. "जावईबापू, देवाने मला डोळे या नोकरीसाठीच दिलेत," असं ते मला म्हणायचे. मी तेव्हा त्याच स्टेशनात पार्सलबाबू होतो.

कडं त्यांच्या जानव्याला किल्लीसारखं बांधलेलं असे. भाजी घेताना वांगं कड्यातून, पूजेची सुपारी कड्यातून. माझ्याच लग्नात, मामा म्हणून नवरीला बोहल्यावर आणून उभं केलं आणि हा गृहस्थ पंक्तीत जाऊन लाडू मोजायला लागला! "नापास! हा अजून वाढीचा आहे, परत सोडा!" आचारी झारा घेऊन धावला. मामा कलम सांगत मांडवाबाहेर पळाले, पण हातातला नापास लाडू काही त्यांनी परत सोडला नाही.

पिल्लं असलेल्या माद्यांना ते माहेरवाशिणी म्हणत. करंडीतून एकेक वेगळी काढायची, ओल्या फडक्यात ठेवायची आणि पाटी स्वतः डोक्यावर घेऊन उल्हास नदीवर न्यायची. शिपायाला सांगितलं तर तो वाटेत घरी नेईल, ही भीती. पाण्यात सोडताना म्हणायचे, "जा बाई, सावकाश जा. घाई नाही." बुधी काठावरून चिडवायची, "मामा, हिला चोळी नाय दिली? आन् ही माहेराला गेली तं आमी खावाचं काय रं?" मामा उसळून म्हणायचे, "अगं, तिच्या पोटाखाली तुझी पुढल्या सालची करंडी आहे!" बुधीला ते पटत असावं. तिच्या करंडीत माहेरवाशीण कधी सापडली नाही.

त्या दिवशी दहा करंड्या आल्या होत्या, सगळ्या एका व्यापाऱ्याच्या. मामांनी पाच तपासल्या. त्यांत माहेरवाशिणी इतक्या निघाल्या की पाटी भरली. ऊन चढत होतं, त्या मरतील म्हणून मामा हातातली मोहर माझ्याकडे देऊन म्हणाले, "तपासलेल्यांना लावा. उरलेल्या पाच मी आल्यावर." आणि धावत नदीकडे गेले.

तेवढ्यात गाडीची घंटा झाली. व्यापारी मागे लागला, वरून स्टेशनमास्तर ओरडला. मी दहाच्या दहा करंड्यांवर लाख ओतली. मला कुणी काही दिलं नव्हतं. नुसता कंटाळा आणि घाई. मामा घामाघूम होऊन परतले तेव्हा गाडी सुटली होती.

"उरलेल्या पाच?"

"कुठल्या उरलेल्या? दहाही तुम्हीच तपासल्यात की, मामा!"

त्यांनी कपाळ पुसलं. मग हसले. "असेल, असेल. उन्हाने डोकं भणभणलंय."

आठवड्याने मुंबईहून कागद आला. कर्जतच्या मोहरेच्या करंड्या उघडल्या, तर त्यांतल्या पाच पिल्लं असलेल्या माद्यांनी भरलेल्या. चौकशीत साहेबाने विचारलं, "मोहर तुमची?" मामा म्हणाले, "माझी. तपासणीही माझीच. माझी नजर गेली, साहेब." मी दाराशी हातात पार्सलांची वही घेऊन उभा होतो. वही मी मिटून काखेत मारली. मामांनी जानव्याचं कडं सोडून टेबलावर ठेवलं.

मग मी कळस केला. त्यांना मुंबईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेलो! डॉक्टर म्हणाला, डोळे उत्तम आहेत. मामा त्याच्याशी भांडले. "उत्तम असते तर पाच करंड्या सुटल्या कशा?" शेवटी कंटाळून त्याने कसलातरी चष्मा दिला. तो लावून मामा परतीच्या वाटेवर दोनदा ठेचकाळले, आणि म्हणाले, "बघा, किती बिघडलेत!"

पुढचा तपासनीस खुर्चीत बसून करंड्या न उघडताच मोहर मारायचा. बुधी परवा बाजारात भेटली, म्हातारी झालीय. म्हणाली, "वहाळात हात घातला तं नुसता चिखल लागतोय, बाबू." मग हळूच म्हणाली, "म्हाताऱ्याची नजर नव्हती गेली. मी व्हते ना फलाटावर. पण आमचं कोन ऐकतंय?" मी मान खाली घालून निघून आलो.

मामा पळसदरीला असतात. चष्मा अजून तोच. अक्षरं नाचतात म्हणून वाचणं सोडलंय. अंगणातून एखादी चिंबोरी चालत गेली तर तोंड फिरवतात, आणि शेजारच्या पोरीला विचारतात, "नर होता का गं?"

तेव्हा हे लिहून माझी सुटका नाही, ते हे वाचणार नाहीत. पळसदरीला जाऊन मला त्यांना तोंडाने सांगायचं आहे, की मामा, त्या पाच करंड्या तुम्ही पाहिल्याच नव्हत्या. एवढं मी त्यांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.