बेडकीसाठी इर्जिक

समुद्रापलीकडच्या आचाव गावातल्या गॅरेजवाल्या आब्दोनचा फोन आला तेव्हा एदेल्मिराबाई परसात बटाटे काढत होत्या. हात एप्रनला पुसत त्या टेकाडावर चढल्या. केत्राय बेटावर बोलण्यापुरती रेंज मिळते ती तिथेच.

"बाई, तुमच्या गाडीला बसेल असं इंजिन सापडलंय!" आब्दोन पलीकडून ओरडत होता. "पण मार्चअखेर मी गॅरेज बंद करून लेकीकडे दक्षिणेला चाललोय. त्याआधी गाडी माझ्या दारात आणा, मी ती चालती करून देतो. मजुरी नको मला. लेक तुमच्याच हातची आहे माझी."

एदेल्मिरा बारिया ही बेटाची सुईण. सव्वीस वर्षं सरकारी दवाखान्यात नोकरी केली आणि त्या वर्षांत बेटावर जन्मलेलं प्रत्येक पोर आधी त्यांच्याच हातांत आलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी साठवलेल्या पगारातून त्यांनी ती जुनी गाडी घेतली. बेटावरची पहिलीच मोटार, आणि ती चालवणारी बाई! गाडीचे डोळे गोल, तोंड फताडं. लोकांनी तिचं नाव ठेवलं बेडकी. चिखल असो, बर्फाळ वारा असो, बेडकी कळा येणाऱ्या बायकांना घेऊन दवाखान्यात पोचायची. तीन पोरं तर तिच्या मागच्या सीटवरच जन्मली. बाई निवृत्त झाल्या, त्याच वर्षी इंजिन बसलं. चौदा वर्षं बेडकी गोठ्यात उभी होती. चाकं कुजली, पत्र्याला भोकं पडली, पण दर रविवारी बाई तिच्या काचा पुसायच्या.

आता प्रश्न होता तो तिला न्यायचं कसं, हा. बाईंनी कास्त्रो शहरात क्रेनवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "क्रेन फेरीबोटीवर चढवायची, बेटावर उतरवायची, पुढची फेरी येईपर्यंत माझा माणूस तिथेच बसणार." आणि त्याने जो आकडा सांगितला तो बाईंच्या चार महिन्यांच्या पेन्शनएवढा होता. फेरीबोटवाले म्हणाले, स्वतः चालत चढेल तीच गाडी घेऊ. माशांच्या कंपनीचा पडाव दर आठवड्याला रिकामा परत जायचा, पण त्यांचा साहेब म्हणाला, "विम्यात बसत नाही, बाई."

शेवटी त्या लाँचवाल्या फ्लोरिदोर नावेल्कीनकडे गेल्या. तो जाळं विणत बसला होता.

"बाई, घरं नेतो तशी नेऊ की. मिंगा करा."

मिंगा म्हणजे त्या बेटावरची इर्जिक. कुणाला घर हलवायचं असलं की सगळा गाव बैल घेऊन येतो, अख्खं लाकडी घर ओढतो, वेळ पडली तर समुद्रातून पार करतो. मजुरी नाही, पण घरधन्याने दारोदार जाऊन विनंती करायची आणि पोटभर जेवू घालायचं.

"घरासाठी ठीक आहे रे. एका मोडक्या गाडीसाठी? लोक हसतील."

"हसू द्या. हसत हसत ओढतील."

"मी आजवर कुणाच्या दारी काही मागायला गेले नाही, फ्लोरिदोर."

"खरं आहे," तो मान वर न करता म्हणाला. "जायचो ते आम्हीच, तुमच्या दारी."

दोन दिवस बाई परसात बटाटेच काढत राहिल्या. तिसऱ्या दिवशी चांगला कोट घातला, केस बांधले आणि निघाल्या. सगळ्यात अवघड दार त्यांनी पहिलं घेतलं. सेलेदोनियो म्हातारा. बेटावरची सर्वांत तगडी बैलजोडी त्याची. बेडकी आली तेव्हा चर्चच्या पायरीवर हाच म्हणाला होता, बाईमाणूस मोटार चालवायला लागलं, आता कोंबड्या अंडी द्यायच्या बंद होतील.

त्याने बाईंना चुलीशी बसवलं, माते या कडवट पाल्याच्या चहाचा गरम पेला हातात दिला आणि सगळं ऐकून घेतलं.

"बैल आहेत," तो म्हणाला. "पण तुमचा तो डबा ओढताना त्यांना लाज वाटेल."

बाई पेला ठेवून उठल्या.

"बसा हो! नाही म्हणालो का मी? एक सांगा फक्त. माझ्या बायकोला नेलंत, त्या दिवशी चर्चच्या उतारावर ब्रेक लागला होता का?"

"नव्हता लागला."

आतून म्हातारीचा आवाज आला, "ऐकलंस? तीस वर्षं सांगतेय तुला!"

सेलेदोनियो पोट धरून हसला. "सांगाल त्या दिवशी बैल येतील, बाई. दोन्ही जोड्या."

त्यानंतर एकाही दाराने नाही म्हटलं नाही.

फेब्रुवारीतल्या उधाणाचा शनिवार ठरला. सकाळी साठेक माणसं जमली. बेडकीला लाकडी घसरगाडीवर चढवून दोरांनी आवळलं, बैल जुंपले. "गाडीत बसा, बाई," कुणीतरी म्हणालं. "बैलांना माझं ओझं कशाला?" म्हणत बाई तिच्या अंगावर हात ठेवून शेजारून चालू लागल्या. चर्चपर्यंत, पुढे उतारावरून, सगळं सुरळीत झालं.

घात किनाऱ्यावर झाला. फ्लोरिदोरने दोन लाँच जोडून त्यांवर फळ्या टाकल्या होत्या. ओहोटीत त्या वाळूवर टेकलेल्या, भरती आली की गाडीसकट तरंगणार. पण लाँच पन्नास पावलांवर असताना घसरगाडी गोट्यांत रुतली. बैल गुडघ्यांवर आले. भरती तर चढू लागली होती.

"बैल सोडा!" सेलेदोनियो ओरडला. "माणसं लावा दोराला!"

माणसं लागली, पण जो तो आपल्या तालावर ओढी. कुणी पुढे, कुणी मागे, वर आरडाओरडा. घसरगाडी तसूभर हलेना. बाई बघत होत्या. दोराला लागलेल्यांपैकी निम्मे तरी त्यांच्या हातचे. हा पायाळू जन्मलेला, ती दोन दिवस छळून आलेली, ते दाढीवाले जुळे. बाई एका खडकावर चढल्या आणि दवाखान्यातल्या त्या जुन्या आवाजात गरजल्या,

"गप्प बसा सगळे! मी सांगेन तेव्हाच जोर करायचा. श्वास घ्या... आता! जोर! जोर! जोर!... थांबा. अंग सैल सोडा. श्वास घ्या."

मग बायकांमध्ये हशा पिकला. सेलेदोनियोची म्हातारी ओरडली, "आता कळू दे रे तुम्हा पुरुषांना!"

"हसू नका, कळ वाया जातेय! जोर!"

घसरगाडी करकरली, आणि सरकली. चौदा वेळा बाईंनी जोर करायला लावला. पंधराव्याला बेडकी फळ्यांवर चढली तेव्हा पाणी फ्लोरिदोरच्या गुडघ्याला लागलं होतं. टोप्या उडाल्या. बाई खडकावरून उतरल्या, घसा बसलेला, कोट भिजलेला, मान मात्र ताठ. फक्त कुणी त्यांच्याकडे बघितलं की त्या नाक पुसायच्या.

भरती पूर्ण चढेस्तोवर जेवणं झाली. खड्ड्यात तापल्या दगडांवर शिजवलेले शिंपले, मटण, बटाट्याच्या जाड भाकऱ्या, सफरचंदाची दारू. दोन मेंढ्या बाईंनी स्वतःच्या दिल्या होत्या. एक आणखी कुणी आणून बांधली ते आजही कुणी सांगत नाही.

आचावच्या धक्क्यावर आब्दोन वाट बघत होता. दोन लाँचवर उभी मोटार आणि तिच्या शेजारी उभ्या बाई बघून सगळा बाजार धक्क्यावर लोटला.

"क्रेनवाल्याने किती घेतले, बाई?" एका मासेवालीने विचारलं.

"क्रेन कशाला?" बाई म्हणाल्या. "माझी माणसं आहेत."

आब्दोनने शब्द पाळला. मार्चच्या शेवटच्या गुरुवारी बेडकी खोकली, थरथरली आणि सुरू झाली. चालत्या गाडीला फेरीबोटीवर साधं भाडं. एकाहत्तर वर्षांच्या बाईंनी ती स्वतः चढवली आणि केत्रायच्या उतरणीवर स्वतःच खाली उतरवली. किनाऱ्यावर लोक उभे होते. बाईंनी कुणाकडे पाहिलं नाही. पहिला गिअर टाकला आणि चढाला लागल्या.