बुटांची ओळ

जगात वाईट माणूस नाहीच, फक्त काही जणांची बाजू अजून कुणी नीट टाइप करून दिलेली नाही, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला. ते माझ्या मावशीचे यजमान. नात्याने काका, पण आमची सगळी बसवनगुडी पेठ त्यांना अण्णा म्हणे, म्हणून आम्हीही अण्णाच म्हणत असू. कॉफीपूड दळणाऱ्या एका दुकानाच्या माडीवर त्यांचं टाइपिंगचं इन्स्टिट्यूट होतं. सहा यंत्रं, सहा स्टुलं आणि भिंतीवर पाच मिनिटं मागे असणारं घड्याळ. उशिरा येणाऱ्यांना ओशाळं वाटू नये म्हणून ते अण्णांनीच मागे लावलेलं होतं. खालून कॉफीचा वास आणि वरून कळांचा खडखडाट, यांच्यामध्ये ते पांढऱ्या पंच्यावर कोट घालून बसत आणि येणाऱ्या प्रत्येकाला क्षमा करत.

दूधवाल्याचं दूध निळसर दिसतं अशी मावशीने तक्रार केली, तर ते म्हणत, "उन्हाळा आहे. म्हशीच पाणी जास्त पितात, तो बिचारा काय करणार?" देवळाबाहेरून त्यांची छत्री गेली तेव्हा पाऊस पडत होता, म्हणून ती चोरी नव्हती. पुढे उन्हाळ्यात दुसरी गेली. तेव्हा विचार करायला त्यांना दोन दिवस लागले. "आधीच्याने परत ठेवायला आणली असेल आणि गोंधळात हीसुद्धा घेऊन गेला असेल," असा निकाल त्यांनी जेवताना दिला. सिनेमाला ते हौसेने जात, पण मध्यंतराला उठत, कारण खलनायकाचं वाईट होणं त्यांना बघवत नसे. मावशीलाही उठावं लागे. परतीच्या वाटेवर अण्णा पुढची गोष्ट स्वतः सांगत, तिच्यात सगळे सुधारत. लग्नाच्या वीस वर्षांत मावशीने एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नव्हता. ती तो दुसऱ्या दिवशी शेजारच्या अक्कांकडून ऐकून घेई.

एवढ्यावर थांबतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण अण्णांची बोटंही त्यांच्याच मताची होती. एका वकिलांनी अशिलाच्या शेजाऱ्याला द्यायची नोटीस त्यांच्याकडे टाइपला दिली. फणसाची फांदी कुंपणावरून आत आली होती, आठ दिवसांत तोडा, नाहीतर कोर्ट, अशी. ती अण्णांनी बिनचूक टाइप केली आणि खाली एक वाक्य जोडलं: "फणस मात्र फार गोड असल्याचे ऐकिवात आहे." वकिलांनी न वाचता सही ठोकली. चार दिवसांनी दोन्ही घरं एकाच ओसरीवर बसून गरे खात होती, आणि वकिलांनी इन्स्टिट्यूटचा जिना चढणं कायमचं सोडलं.

हे सगळं माहीत असून मी माझा निबंध त्यांच्याकडे दिला, ही चूक माझीच.

मी तेव्हा इंटरमीजिएटला होते. इंग्रजी शाळेत शिकलेली, घरी मराठी, रस्त्यावर कानडी, आणि वर्गात तिन्ही भाषांमध्ये गप्प. आमच्या इंग्रजीच्या बाईंनी निबंध सांगितला होता: अंधाऱ्या लघुकथा आणि मनुष्यस्वभाव. त्यावरून त्या ऑनर्ससाठी एका मुलीचं नाव पाठवणार होत्या. मला ती जागा हवी होती. नाही मिळाली तर शिक्षण पुरे, असं घरी ठरलेलं होतं. मी तीन कथा निवडल्या. त्यांतली मुख्य एका बर्फाळ मुलुखातल्या सराईची. रात्री वाटसरू दार ठोठावतो, सराईवाली ऐकते, उठत नाही. सकाळी तो उंबऱ्यात गोठून पडलेला असतो. ती दार उघडते आणि आधी त्याचे बूट काढून घेते. मी निष्कर्ष लिहिला होता: कुणी पाहत नसलं की माणूस बूट काढून घेतो. हे वाक्य मला फार आवडलं होतं.

अण्णांनी हस्तलिखित वाचलं आणि चष्मा काढला.

"पुट्टी, ही बाई बूट का काढते?" मला ते लाडाने पुट्टी म्हणत.

"चोरायला, अण्णा."

"तिच्या मनात दुसरं काही असेल."

"कथेत तसं नाही."

"लिहिणाऱ्याला घाई असेल. स्वल्प थांबला असता तर त्यालाही कळलं असतं." मग म्हणाले, "सरी, ठीक आहे, उद्या घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाताना मी तो घेतला. पानं हिरव्या फितीने इतकी सुबक बांधली होती की सोडून वाचायचा मला धीर झाला नाही.

आठवड्याने बाई निबंध घेऊन वर्गात आल्या आणि माझ्यापाशी थांबल्या. "उत्तम लिहिलं आहेस. पण इथे ती बाई वाटसरूचे बूट काढते आणि कोमट खोबरेल तेलाने त्याचे पाय चोळते. बर्फात खोबरेल कुठून आलं?"

वर्ग हसला. मागून कुणीतरी म्हणालं, "गोठलं असतं, मिस." मला तेवढ्यातही दिसलं की अण्णांनी त्याचाही विचार केला होता, म्हणूनच कोमट.

"कथा न वाचताच लिहिलंस का?"

हो म्हटलं तर ऑनर्स गेलं. नाही म्हटलं तर बोट अण्णांकडे जाणार, आणि कॉलेजच्या ग्रंथालयाची यादी त्यांच्याकडेच टाइप होत होती. त्या कामाचा त्यांना अभिमान होता. मी उभी राहिले आणि त्या वर्गातलं माझं पहिलं वाक्य बोलले: "मी नाही, मिस, टाइपिस्टनी घातलं ते."

"आपली यादी करतात तेच?"

"हो."

"मग यादीत काय काय सुधारलं असेल, देव जाणे," बाई म्हणाल्या, आणि शुद्ध प्रत सोमवारपर्यंत मागितली. सराईवालीला निदान कुणी पाहत नव्हतं. माझ्याकडे चाळीस मुली पाहत होत्या.

शनिवारी मी माडीवर गेले तेव्हा यादीचे अर्धेच टाइप झालेले गठ्ठे कॉलेजचा शिपाई परत उचलून नेत होता. अण्णा त्याला जिन्यावर सांभाळून उतरायला सांगत होते. वर्गातलं सगळं त्यांना शिपायाकडून कळलेलं होतं. मी काहीतरी बोलायला लागले, तर त्यांनी स्टूल पुढे केलं.

"खरं तेच सांगितलंस. आणि घाबरली असशील. एवढ्या मुलींसमोर उभं राहायचं म्हणजे काय! मी असतो तर मीही तेच केलं असतं."

ते तसं करणार नव्हते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. दूधवाला, छत्री नेणारा आणि मी, अशी एक रांग मला दिसली.

निबंध त्यांनी माझ्यासमोर पुन्हा टाइप केला. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. बुटांच्या ओळीवर आले तेव्हा यंत्राचा आवाज बारीक झाला. घरी जाऊन पाहिलं, तर पानभर अक्षरं ठसठशीत होती आणि ती एक ओळ फिकी. कळा दाबल्या होत्या, पण दाबायच्या म्हणून.

ऑनर्सची जागा मला मिळाली. आता मीच कॉलेजात शिकवते. अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली. माडीवर आता शिंप्याचं दुकान आहे. घड्याळ त्याने तसंच ठेवलं आहे, पाच मिनिटं मागे. सराईची कथा दरवर्षी शिकवावी लागते. मी ती जशी आहे तशीच वाचून दाखवते, पण सकाळी दार उघडतं तिथे माझा आवाज उतरतो, आणि मागच्या बाकावरून दरवर्षी कुणीतरी म्हणतं, "मिस, ती ओळ ऐकू आली नाही."