डागलेला गुडघा

बैल आडवा पाडलेला, पाय बांधलेले, चाकू उकळून तयार, आणि मला कापायची पट्टीच सापडत नव्हती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरातल्या गुरांच्या दवाखान्यात मी नवा होतो. मोठे डॉक्टर दौऱ्यावर. बैलाचे मालक नथ्थूजी टालावरची, म्हणजे वखारीतली, लाकडं बैलबंडीनं पोचवायचे. त्यांच्या बैलाचा मागचा पाय चालताना ताठ होऊन मागेच अडकायचा, खूर घासत जायचा.

मागच्या गुडघ्याची वाटी खालच्या हाडाला तीन चिवट पट्ट्यांनी बांधलेली असते. त्यांना अस्थिबंध म्हणतात. आतली पट्टी हाडाच्या उंचवट्यावर अडकली की पाय लॉक होतो. तेवढी कापली की मोकळा. पाच मिनिटांचं काम. पण चुकून मधली कापली, तर बैल कायमचा लंगडा.

ही पट्टी कातडीवरून बोटांनी चाचपून ओळखतात. इथे हाताला नुसता दगड लागत होता. केस बाजूला केले तर डागण्याच डागण्या. डागलेली जखम भरताना शरीर आत तसेच चिवट धागे विणतं. त्या गाठोड्यात माझी पट्टी हरवली होती.

"हे काहून डागलं, नथ्थूजी?"

"पाय सुटूनच नव्हता राहिला, साहेब. दोनदा डागलं."

मी भयंकर चिडलो. आमचे मलमपट्टी करणारे ड्रेसर हळूच म्हणाले, "साहेब, सोडून देऊ का? मोठे साहेब सोमवारी येऊन राहिले."

सोडावंसं फार वाटलं. पण सोमवारपर्यंत ते गाठोडं थोडंच विरघळणार होतं?

मग मी दुसऱ्या मागच्या पायाचा चांगला गुडघा चाचपला. नडगीच्या कंगोऱ्यापासून आतली पट्टी किती बोटांवर, ते मोजलं. परत मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. तेच माप दुखऱ्या पायावर धरून जागा बधिर केली, चाकू आत सरकवला. कर्रकन काहीतरी तुटलं. पण कोणती पट्टी?

दोर सोडले. बैल उठेना.

"उठ ना गा बाप्पा," नथ्थूजी त्याच्या कानाशी म्हणाले.

उठला. चार पावलं टाकली. पाय सरळ पुढे पडत होता. नथ्थूजी त्याच्या मानेला मिठी मारून रडले.

आठवड्यानं टाके काढायला आले. बैल झकास चालत होता. मात्र चांगल्या गुडघ्यावर ताज्या डागण्या!

"आता हे काहून?"

"तुम्ही तो तीन-तीनदा चाचपून राहिले होते ना, साहेब. म्हटलं, त्याच्यातबी काही असन. पहिलेच डागून घेतलं."

मला रागावताही येईना. तेव्हापासून जनावराला कुठेही हात लावला, की का लावला ते मी मालकाला आधी सांगतो.