सुतळीचं माप

वडिलांच्या वहाणांचं माप घ्यायचं काम माझ्याकडे होतं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं आणि अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं वकिलाचं घर. चांभार अंगणाच्या कडेला थांबायचा. मी वडिलांचा पाय सुतळीनं मोजायची, गाठी मारायची आणि सुतळी वरून त्याच्या ओंजळीत टाकायची. त्यानं पायाला हात लावायचा नाही, असा रिवाज. मी नऊ वर्षांची, तो माझ्या आजोबांच्या वयाचा. तरी मी त्याला 'अरे' म्हणायची, तो मला 'बाई'. त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं, याची आज लाज वाटते.

वडिलांच्या उजव्या अंगठ्यापाशी हाड बाहेर आलेलं. सुतळीला ते कुठून कळणार? दर जोड चावायचा. मोर्णा नदी ओलांडून कचेरीत पोचेपर्यंत पायाला फोड यायचे. मग वडील ज्याला त्याला सांगत सुटायचे, "त्याचा हातच बसलेला नाही, त्याच्याकडे जाऊ नका." वकिलाचा शब्द. म्हाताऱ्याची गिऱ्हाइकं तुटू लागली.

एका सकाळी तो सरळ ओट्यापाशी आला. "वकीलसायब, सुतळी लांबी सांगते, दुखते कोठी थे नाई सांगत. एक डाव पाय हाती द्या. मंग नाई जमलं तर मी आरी खाली ठेवतो."

वडील तापट, पण पाय ठणकत होता. त्यांनी तो पुढे केला. म्हाताऱ्यानं दोन्ही हातांत घेतला आणि डोळे मिटून हाडावरून अंगठा फिरवला. इतक्या हळुवार हातानं वडिलांना आम्हीही कधी शिवलो नव्हतो.

तो गेला, पण पिशवी विसरली म्हणून परत आला. तेव्हा वडील विहिरीवर धोतरासकट डोक्यावरून पाणी ओतून घेत होते, विटाळ फेडायला. दोघांची नजरानजर झाली. तो पिशवी उचलून निघून गेला.

जोड असा बसला की वडील कचेरीभर त्याचं कौतुक करत फिरले. गिऱ्हाइकं परतली.

पुढच्या वर्षी वडिलांनी आपण होऊन पाय पुढे केला. म्हाताऱ्यानं हात मागे घेतले.

"राहू द्या सायब. तुमचा पाय माह्या हाताले पाठ हाय. काहून पुना आंघोळ करता?"

आता वडील भडकणार, असं मला वाटलं. ते भडकले नाहीत. 'आंघोळ करणार नाही', एवढंच त्यांनी म्हणायचं होतं. तेही त्यांना जमलं नाही. त्यांनी पाय मागे घेतला.